म्हैस संस्थेची होती, आपा

आपा, तुला शेवटची अंघोळ घालत होते तेव्हा मी पडवीत उभी होते. बोरीचा पाला टाकून तापवलेल्या पाण्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. आतल्या बायका हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होत्या आणि मधेच कुणाला तरी हुंदका फुटत होता. आपण इथं थांबावं की अंगणात जाऊन बसावं, ते मला कळेना. मग तुझी सून रेहाना दारात आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "मौसी, तुमी भाईर का? अम्मीचं तोंड बघून घ्या की."

मी आले. पांढऱ्या कापडात तुझा चेहरा लहान दिसत होता. कपाळावरची ती आठी, जी मी ‘पण’ हा शब्द उच्चारला की उमटायची, ती गेली होती. मला ते आवडलं नाही.

माणसं तुला घेऊन निघाली आणि आम्ही बायका उंबऱ्याच्या आतच राहिलो. दफनाला बायकांनी यायचं नाही, तुमची रीत. गल्लीच्या वळणापर्यंत मी तुला बघत होते. उंब्रजच्या बाजारपेठेतल्या कितीतरी दुकानदारांनी शटर खाली ओढलं होतं, टोप्या घातलेले आणि न घातलेले सगळेच मागं चालत होते. मला तिथवर का येता येत नाही यावर मी तुझ्याशी भांडले असते. तू ऐकून घेतलं असतंस, मग नियमामागचं कारण सांगितलं असतंस, मग तेवढंच चिडून म्हणाली असतीस, "सुनंदा, तुला हरेक गोष्टीत फाटा कशापायी फोडायचा असतो गं?"

तुझ्यामाझ्यात भांडणाशिवाय दुसरं होतं तरी काय? तू मिरजेच्या मौलवीची मुलगी, धर्माच्या कायद्याचं रीतसर शिक्षण घेतलेली आलिमा. मी साताऱ्यातल्या फौजीची मुलगी, बौद्ध, सगळी नोकरी बँकेत काढलेली, शेवटी खंडाळ्याच्या शाखेतून निवृत्त झालेली. उंब्रजच्या बायकांनी बिनव्याजी संस्था काढली, धर्माचे नियम सांगायला तू होतीस, पण तिला कागदपत्रं जाणणारी सचिव हवी होती. कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि मी एसटीनं येऊन तुझ्या पडवीत बसले. तू लसूण सोलत होतीस. सोलता सोलताच माझी मुलाखत घेतलीस.

"बँकेत काय करायचात?"

"कर्ज द्यायचे."

"आन् मग?"

"वसूल करायचे."

"आन् मधी?"

"मधी व्याज लावायचे."

तू लसणाचं ताट बाजूला ठेवून हसलीस. म्हणालीस, "खरं बोलती बाई. हिला घ्या." मग माझ्याकडं वळून, "बघा, हिशेब, रक्कम, जामीन, मुदत, कर्ज, वसुली, ह्ये सगळे शब्द मराठीनं आमच्याकडनं घेतले. व्याज तेवढं तिचं सोताचं हाय."

मीही गप्प बसणारी नव्हते. म्हटलं, नफाही तुमचाच शब्द आहे, मग तो कसा चालतो? तू माझ्याकडं नीट पाहिलंस. तिथून आपलं जे सुरू झालं ते पार परवापर्यंत.

सुरुवातीला मी तुला ‘आपा, तुम्ही’ म्हणायचे. एक दिवस तूच वैतागलीस. "आपा बी म्हणती आन् तुमी बी म्हणती. भणीला कोण तुमी म्हणतं?" त्या दिवसापासून तू. मला सख्खी बहीण नाही, हे तुला माहीत होतं की नाही, आठवत नाही.

तुझा नफ्याबद्दलचा नियम मला समजायला फार दिवस गेले. पैसे देऊन जास्त पैसे घेतले तर ते व्याज, ते हराम. पण एखादीला शिलाई मशीन हवं असेल तर संस्थेनं ते स्वतः विकत घ्यायचं, स्वतःच्या ताब्यात आणायचं, आणि मग आपल्याला केवढ्याला पडलं ते उघड सांगून, ठरलेला नफा ठेवून तिला हप्त्यानं विकायचं. मी म्हणायचे, आपा, शेवटी तिच्या खिशातून जातं तेवढंच. मग मधला हा द्राविडी प्राणायाम कशाला? तिच्या हातात पैसे दे, ती दुकानातून मशीन उचलेल, आपण कागदावर लिहू की संस्थेनं घेतलं आणि संस्थेनं विकलं.

"कागदावर?" तुझ्या कपाळाला आठी. "सुनंदा, मशीन आपल्या दारात असताना चोरीला गेलं तर कुणाचं गेलं?"

"आपलं."

"त्येच तर नफ्याचं मोल हाय. आपल्या डोक्यावर जोखीम आली म्हणून नफा आला. जोखीम तिच्या डोक्यावर आन् नफा आपल्या पदरात, ह्येला व्याजच म्हणत्यात. नाव कायबी ठेवा."

म्हणून संस्थेच्या खोलीत मशिनं येऊन बसायची, पिठाच्या गिरण्या यायच्या, एकदा तर झुणका-भाकरीच्या गाड्यासाठी घेतलेली शेगडी आठवडाभर माझ्या टेबलाखाली होती. मी चेष्टा करायचे. मनातून मला वाटायचं, हे सगळं मनाच्या समाधानासाठी आहे. खरी वेळ येईल तेव्हा ही बाईसुद्धा कागदच पुढं करेल.

वेळ हिराबाईच्या म्हशीनं आणली.

हिराबाई माणदेशातली, धनगराची. नवऱ्यानं मेंढरं विकल्यावर ही माणसं उंब्रजजवळ वस्तीला आली होती. तिला म्हैस हवी होती. कराडच्या जनावरांच्या बाजारात ती स्वतः आली, म्हशीची कास बघितली, दात बघितले, शिंगांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हीच." संस्थेनं पैसे मोजले, पावती संस्थेच्या नावानं झाली. मी म्हटलं, आता थेट हिच्या वस्तीवरच टेम्पो जाऊ दे, तू माझं ऐक, बँक म्हैस बांधत नाही, बँक फाईलला म्हशीचा फोटो लावते. तू ऐकलं नाहीस. म्हैस तुझ्या परसात आली. दुसऱ्या दिवशी हिराबाई येणार, सौद्याचा कागद वाचून दाखवायचा, तिनं अंगठा करायचा आणि म्हैस न्यायची, असं ठरलं.

सकाळी मी एसटीतून उतरले तर तुझ्या परसात गर्दी. म्हशीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. जनावरांचे डॉक्टर आले, सुई दिली, नळी घातली. तू पदर खोचून तिच्या तोंडाशी बसली होतीस, तेल पाजत होतीस. दुपारच्या आधीच ती गेली. तुझा हात तिच्या मानेवर तसाच होता.

संस्थेच्या खोलीत सगळे जमलो. अध्यक्ष जुबेदाबी, दोघी-तिघी संचालक, आणि खजिनदार म्हणून तुझा मुलगा सलीम. सलीमनंच तोंड उघडलं. "अम्मी, सौदा तयारच हाय. कालची तारीख टाकू. तिनंच पसंत केलीया, तिच्यासमोरच पावती झालीया. कोण विचारतंय?"

तेवढ्यात हिराबाई आली. तिला रस्त्यातच कळलं होतं. ती रडली नाही. दारातच बसली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि म्हणाली, "आवं, म्याच पसंत केली हुती. माझ्याच कपाळाला आलं, तुमी तरी काय करणार? कुटं आंगठा लावू, सांगा."

सलीमनं कागद पुढं सरकवला. जुबेदाबीनं शाईचा पॅड उघडला. हिराबाईनं अंगठा पॅडवर टेकवला, आणि तू उठून तिचं मनगट धरलंस.

"हिराबाई, म्हैस आमची मेली. तुमची अजून झालीच नव्हती."

तुझ्या पदरानं तू तिच्या अंगठ्याची शाई पुसलीस. ती बिचारी गोंधळून माझ्याकडं बघत होती. गरिबाच्या माथ्यावर येणारं नुकसान कुणीतरी परत माघारी घेतंय, हे तिनं बघितलंच नसावं. मी तरी कुठं बघितलं होतं? इतकी वर्षं खुर्चीत बसून मी कायदा माणसाच्या विरुद्ध जाताना बघितला होता. कायद्याच्या कलमानं आपल्याच संस्थेचा हात धरलेला मी तिथं पहिल्यांदा पाहिला.

पण त्याची किंमत तू मोजलीस. त्या वर्षी सभासदांना नफा वाटता आला नाही. सर्वसाधारण सभेत आरडाओरडा झाला. मागून एकजण ओरडला, "आमच्या पैशावर जन्नत कमावती का आपा?" जमातीतले दोघे वडीलधारे घरी येऊन सांगून गेले, की असल्या बाबतीत बाईमाणसानं निवाडा देऊ नये. तू त्यांना चहा दिलास आणि म्हणालीस, "निवाडा मी न्हाई दिला, चाचा. लय जुना हाय. मी फकस्त वाचून दाखवला. चुकीचा वाचला असंल तर दुरुस्त करा." दुरुस्त करायला कुणी पुढं आलं नाही. पण कितीतरी घरांनी आपली बचत काढून नेली.

आणि सलीम रागावून निघून गेला. खजिनदारकी सोडली, रेहानाला आणि पोरींना घेऊन साताऱ्याला गेला आणि एका फायनान्स कंपनीत वसुली अधिकारी झाला. दुचाकीच्या हप्त्यांची वसुली. व्याजाची, दंडव्याजाची. त्याला दुसरी नोकरी मिळाली नसती असं नाही. तुला दाखवायला त्यानं ती धरली, असं मला वाटायचं. तू म्हणायचीस, "न्हाई गं, मिळंल ती धरली आसंल. पोट हाय त्येला."

तू त्याच्याकडं जायचीस. सणाला, नातींच्या वाढदिवसाला. साताऱ्याच्या स्टँडवर मी तुला रिक्षात बसवून द्यायचे. तुझ्या पिशवीत नातींसाठी खाऊ असायचा आणि एक डबा. तुझा स्वतःचा. मुलाच्या घरी जाऊन तू आपल्या डब्यातली भाकरी खायचीस. त्याच्या पगाराचं अन्न तुला चालत नव्हतं.

त्यावर आपण किती भांडलो, आपा. मी तुला निर्दयी म्हटलं. म्हटलं, आमच्या धम्मातही उपजीविका शुद्ध हवी असं सांगितलंय, पण आई लेकराच्या ताटात जेवणार नाही असं कुठं सांगितलेलं नाही. तू रिक्षात बसता बसता थांबलीस. "त्येच्या घरात बसते, नातींना मांडीवर घेते, त्येच्या डोक्यावर हात ठेवते. ह्यात माया न्हाई का? पर मी सगळ्या गावाला सांगत फिरले, सुनंदा. हिराबाईसाठी लोकांचा नफा बुडवला. आता पोरासाठी नियम वाकवला तर त्या लोकांनी माझ्या तोंडावर थुकावं."

एकदा सलीम मला बाजारात भेटला. भाजीची पिशवी हातात, मान खाली. म्हणाला, "मॅडम, शेजारचे विचारत्यात, आई डबा घेऊन का येती? मी सांगतो, पथ्य हाय." मी तुला हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, अजून ठरवता येत नाही.

हिराबाईला पुढं दुसरी म्हैस मिळाली. यावेळी तू आधी डॉक्टरांना दाखवलीस, मग घेतलीस, मग दिवसभर परसात बांधलीस. तिच्या वस्तीवरच्या बायका हळूहळू सभासद झाल्या. गेलेली घरं सगळी परत आली नाहीत. काही आली. संस्था लहानच राहिली, पण राहिली.

मग तुझी किडनी. मिरजेला दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा तू म्हणालीस, "बरं झालं, म्हायेरी चालले." आठवड्यातून एकदा मी साताऱ्याहून यायचे. तिथंही तू मला सोडलं नाहीस. हप्ता थकवणाऱ्यांना दंड लावायचा की नाही हा वाद आपण नाकात नळी असताना घातला, आपा. मी म्हणत होते, लावावा, ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्यांनाच लावावा, आणि तो पैसा संस्थेनं न घेता गरजूंना द्यावा. काही आलिमांना हे चालतं, हे मी वाचून आले होते. तू मान हलवलीस. "दंडाची भीती ऐपतवाल्याला न्हाई वाटत. ज्येला न्हाई, त्यो आधी घाबरतो. पयलं त्येच्या घरी जाऊन बघ. अडचणीत आसंल त्येला मुदत द्या, असा हुकूमच हाय."

"आणि अडचणीत नसेल तर?"

"दम लागला मला. पुढच्या येळंला सांगते."

पुढची वेळ आली तेव्हा तुला फारसं बोलवत नव्हतं. त्या सकाळी तू काही खाल्लं नव्हतंस. नर्सबाई पेज घेऊन आल्या, तू हातानं नको म्हटलंस. रेहानानं सफरचंद किसलं, तेही नको. डॉक्टर म्हणाले, जबरदस्ती करू नका, सलाईनमधून जातंय सगळं. मग सलीम आला. साताऱ्याहून, कामावरून तसाच, कंपनीचा बिल्ला गळ्यात. त्याच्या हातात डबा होता. घरून खिमट करून आणलं होतं, तांदूळ आणि मुगाची डाळ. त्यानं बिल्ला काढून खिशात टाकला. झाकण उघडलं आणि तो थबकला. तुझ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. झाकण परत लावायला लागला.

तू तोंड उघडलंस.

त्यानं चमचा भरला. थोडं तुझ्या हनुवटीवर सांडलं. तू गिळलंस. गिळायला तुला किती त्रास होत होता ते तुझ्या गळ्याच्या शिरांवर दिसत होतं. पुन्हा तोंड उघडलंस. असे काही घास. मग त्याच्या गालाला हात लावलास आणि डोळे मिटून घेतलेस. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. दोन दिवसांनी तू गेलीस.

तुझ्या माघारी संस्थेची पहिली बैठक झाली. तुझी खुर्ची कुणी हलवली नव्हती, तिच्यात कुणी बसतही नव्हतं. दंडाचा विषय कामकाजात होताच. माझाच प्रस्ताव होता. जुबेदाबीनं वाचला आणि सगळ्यांकडं बघितलं. सगळ्या बायका थकलेल्या, रडून झालेल्या. "मंजूर?" म्हणताच माना हलायला लागल्या.

मला ते सहन होईना. मी उठले आणि म्हटलं, थांबा, या प्रस्तावाविरुद्ध एक बाजू आहे. आणि माझ्याच प्रस्तावाविरुद्ध मी बोलायला लागले. दंडाला आधी कोण घाबरतं, घरी जाऊन का बघावं, मुदतीचा हुकूम काय आहे. जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. हिराबाई आता संचालक आहे, तुला माहीतच आहे. ती शेवटी म्हणाली, "बाई, तुमचं बोलणं बरोबर हाय, पर आपा सांगायच्या तवा आत कुटंतरी लागायचं." प्रस्ताव मंजूर झाला. इतक्या वर्षांत तुझ्याविरुद्ध मी जिंकलेला हा पहिला ठराव. तो जिंकू नये म्हणून मी झटत होते आणि तुझी बाजू मांडायला कमी पडले.

त्या दिवशी एसटीची वाट बघत हायवेच्या थांब्यावर उभी होते. सलीमची मोटरसायकल समोर येऊन थांबली. म्हणाला, "चला मॅडम, साताऱ्याला सोडतो." पण गाडीवर बसू देईना. हँडल धरून तसाच उभा. ट्रक जात होते, त्याच्या तोंडावर धूळ येत होती.

"एक इचारू का? अम्मीसंगं तुमी एवढं बोलायच्या. तुमाला ठावं आसंल." त्यानं बाहीनं तोंडावरची धूळ पुसली. "मजबुरीत सगळं माफ आसतं आमच्यात. जीव जात आसंल तर हरामबी खाता येतं. अम्मीनं माझ्या हातचं खाल्लं ते मजबुरी म्हणूनच ना?"

आपा, हा प्रश्न तुला विचारायचा होता. मलाही विचारायचा होता. तू कायदा वाकवलास, की कायद्यातच आईसाठी एखादी जागा होती आणि ती तुला तेवढ्यात सापडली? तू असतीस तर तासभर समजावून सांगितलं असतंस आणि मी ‘पण’ म्हटलं असतं. आता उत्तर मलाच द्यायचं होतं, आणि मी काही आलिमा नाही. बघितलं तेवढं मला माहीत होतं.

मी म्हटलं, "सलीम, तुमचा कायदा मला कळत नाही. पण मजबुरी भुकेची असते ना? तिला भूक नव्हती रे. त्या सकाळी नर्सला तिनं परत पाठवलं होतं. रेहानाला विचार."

तो गाडी स्टँडवर लावून रस्त्याकडेच्या दगडावर बसला आणि लहान पोरासारखा, मोठ्यानं, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता रडला. माझी एसटी आली आणि गेली. मी त्याच्याशेजारी बसून राहिले.